गाडीत हॅम रेडिओ बसवताना अँटेनाचा ग्राउंड कसा करावा

हॅमचं, म्हणजे हौसेखातर वायरलेस चालवण्याचं, लायसन्स आलं, कॉलसाइन (हवेत आपली ओळख सांगणारी अक्षरं) मिळाला, की बहुतेकांची पहिली खरेदी हातातल्या सेटची असते आणि दुसरी गाडीत बसवायच्या मोबाइल सेटची. पुण्यातल्या माणसाला ही दुसरी खरेदी फार लवकर सुचते, कारण शनिवारी-रविवारी गाडी निघते ती मुळशी, ताम्हिणी, वरंधा नाहीतर माळशेजकडे, आणि घाटात उतरल्यावर हातातला पाच वॅटचा सेट डोंगराआड मुका होतो. मग ५० वॅटचा सेट येतो. कोणता सेट घ्यावा यावर लोक महिना महिना विचार करतात आणि अँटेना मात्र पंधरा मिनिटांत कुठेतरी अडकवतात. सगळं नशीब त्या पंधरा मिनिटांत ठरतं. म्हणून हा लेख सेटबद्दल नाही. अँटेनाचा बुडखा गाडीच्या पत्र्याला कसा जोडायचा, एवढ्याचबद्दल आहे.

आधी एक अट. हे सगळं लायसन्सधारकांसाठी आहे. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेसचे परवाने देणाऱ्या) शाखेचं हॅम लायसन्स नसेल तर सेट गाडीत बसवू नका. असेल तर तुमच्या श्रेणीला कोणते बँड आणि किती वॅट मिळतात, वाहनातून चालवण्याबद्दल काय अटी आहेत, ते कागद काढून नीट वाचा.

पत्रा हा अर्धा अँटेना आहे

गाडीवर उभी दिसणारी काठी हा अँटेनाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. काठीत जितका करंट वर जातो तितकाच परतीचा करंट बुडख्यापाशी पत्र्यावर चहूबाजूंनी पसरतो. ही परतीची वाट मिळाली नाही तर करंट थांबत नाही, दुसरी वाट शोधतो. तो कोॲक्सच्या (सेटपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलच्या) बाहेरच्या अंगावरून मागे येतो, सेटच्या बॉडीवर, माइकच्या वायरीवर आणि शेवटी तुमच्या हातावर. माइकची धातूची कड ओठाला चावली, बोलताना गाडीचा स्टिरिओ गुरगुरला, कोॲक्सची वेटोळी हलवल्यावर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा) बदलला, तर समजा परतीची वाट चुकली आहे.

नवीन माणसाला घरच्या अर्थिंगची सवय असते: खड्डा, कोळसा, मीठ, जमिनीत पुरलेली पट्टी. गाडीत तसं काही करायचं नसतं. गाडी रबराच्या टायरांवर उभी असते आणि व्हीएचएफवर (१४५ मेगाहर्ट्झसारख्या आखूड तरंगांच्या बँडवर) खालच्या रस्त्याची गरजच पडत नाही. मागे साखळी लोंबवून काहीही साधत नाही.

दुसरा गोंधळ मल्टिमीटरचा. अँटेनाच्या बुडख्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावला, शून्य ओहम आले, म्हणजे ग्राउंड झाला असं समजून लोक पाने-पेचकस आवरतात. तो शून्य बॅटरीच्या डीसीपुरता खरा आहे. रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला प्रत्येक वायर ही छोटी कॉइल असते. साध्या गोल वायरीचा अंदाज सेंटिमीटरला १० नॅनोहेन्री धरला, तर १० सेंटिमीटरची वायर १४५ मेगाहर्ट्झवर जवळजवळ ९० ओहमचा अडथळा उभा करते. तीच वायर ७ मेगाहर्ट्झवर साडेचार ओहमच्या आसपास. मीटरवर दोन्ही वेळा शून्यच. म्हणून व्हीएचएफला लांब हिरवी वायर ओढून केलेला ग्राउंड हा ग्राउंड नसतोच. बुडखा थेट पत्र्यावर बसला पाहिजे. आणि जिथे पट्टी लावावीच लागते, तिथे ती आखूड आणि रुंद हवी. रुंद अशासाठी की हा करंट धातूच्या पोटात शिरत नाही, कातडीवरून वाहतो: तांब्यात १४५ मेगाहर्ट्झला जेमतेम साडेपाच मायक्रॉन खोलीपर्यंत. जाडजूड गोल वायरीपेक्षा पातळ रुंद पट्टी उजवी ठरते ती यामुळे.

जागा कुठली

आपला दोन मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. बँडचं नाव तरंगाच्या लांबीवरून पडतं. त्या लांबीच्या चौथाईची, म्हणजे पाव तरंगाची काठी साधारण ४९ सेंटिमीटर होते, आणि तिच्याखाली प्रत्येक दिशेला निदान तेवढाच पत्रा हवा. छोट्या हॅचबॅकचा टपही सव्वा मीटरच्या आसपास रुंद असतो, म्हणजे टपाचा मध्य ही जागा उत्तम. दुसरी पसंती डिकीच्या झाकणाची कड. बॉनेटची कड तिसरी. बंपर मोजूच नका. आजकाल तो प्लॅस्टिकचा असतो, आणि आतला लोखंडी दांडा इतका खाली असतो की निम्मी काठी गाडीच्या सावलीत जाते.

टपावर मोठं काचेचं सनरूफ असेल, किंवा थारसारख्या गाडीला कापडी हुड असेल, तर पाव तरंगाचा हट्ट सोडा. अर्ध्या तरंगाचा, साधारण एक मीटर उंचीचा अँटेना घ्या. तो पत्र्यावर फार कमी अवलंबून असतो. अशा गाडीला पाव तरंगाची काठी लावून मग पत्र्याच्या पट्ट्या चिकटवत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सामान

पुण्यात यासाठी दोन फेऱ्या पुरतात. बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या परिसरात कोॲक्स, तिच्या टोकाला लावायचा पीएल-२५९ कनेक्टर, लग (वायरीच्या टोकाची बोल्टात बसणारी कडी), हीट श्रिंक स्लीव्ह, कोॲक्सवर बसवायचे फेराइटचे क्लॅम्प आणि मल्टिमीटर मिळतात. नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत बॅटरी अर्थिंगची विणलेली पट्टी मागा. ती तयार मिळते, दोन्ही टोकांना लग बसवलेले असतात. कल्हई केलेली पट्टी मिळाली तर तीच घ्या. उघडं तांबं गाडीच्या जस्त चढवलेल्या पत्र्यावर टेकलं आणि पावसाचं पाणी मिळालं की जस्त झिजतं आणि पत्रा गंजतो. जुन्या जाड कोॲक्सच्या आतली जाळी सोलून काढली तरी चांगली पट्टी होते, फक्त ती काळवंडलेली नसावी.

याशिवाय स्टेनलेसचे नट-बोल्ट, दातेरी स्टार वॉशर, बारीक पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमरची डबी, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. एसडब्ल्यूआर मीटर स्वतःचा नसेल तर एखाद्या जुन्या हॅमकडे मागा. या छंदात मीटर उसना द्यायला कुणी नाही म्हणत नाही. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) असेल तर उत्तमच.

बसवणं: चार प्रकार

*टपाला भोक पाडून.* नव्या गाडीला १९ मिलिमीटरचं भोक पाडायचं म्हटलं की घरात वाद होतो, आणि वॉरंटीचाही प्रश्न येतो, तो सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. पण कामाच्या दृष्टीने याच्याइतकी चांगली जोडणी दुसरी नाही. एनएमओ माउंटचे (भोकात बसणाऱ्या अँटेनाच्या बैठकीचे) दाते पत्र्याला खालून चावतात, म्हणून भोकाभोवती खालच्या बाजूचा रंग वर्तुळात खरवडून पत्रा चकचकीत करायचा. वरचा रंग तसाच ठेवायचा, तिथे रबरी रिंग बसते आणि पाणी अडवते. भोकाच्या कापलेल्या कडेला प्रायमर लावा. खाली टपाचं अस्तर, त्यात दिव्याच्या वायरी आणि अनेक गाड्यांत कडेने पडद्याची एअरबॅग असते. अस्तर उतरवल्याशिवाय ड्रिल लावू नका, आणि कोॲक्स खांबातून खाली नेताना एअरबॅगच्या पुढून किंवा तिला गुंडाळून नेऊ नका. एअरबॅग ज्या वाटेने उघडते तिथे वायर असणं जिवावर बेतू शकतं. या कामाला ओळखीचा डेंटर-पेंटर आणि ऑटो इलेक्ट्रिशियन असे दोघे मिळून बोलवा.

*चुंबकाचा माउंट.* सुरुवातीला बहुतेक जण हाच घेतात आणि व्हीएचएफला तो चालतो. गंमत अशी, की त्याचा पत्र्याशी धातूचा स्पर्शच नसतो, मीटर लावला तर जोडणी तुटलेली दिसते. चुंबकाची तबकडी आणि टपाचा पत्रा मिळून एक कपॅसिटर होतो, मध्ये रंग आणि रबराची झिल्ली. ९ सेंटिमीटर व्यासाची तबकडी आणि मधलं अंतर पाव-अर्धा मिलिमीटर धरलं, तर १४५ मेगाहर्ट्झवर हा अडथळा दोन ओहमच्या आसपास येतो, म्हणजे जोडल्यासारखंच. त्याच तबकडीचा ७ मेगाहर्ट्झवर अडथळा ४० ओहमच्या घरात जातो. म्हणून चाळीस मीटरच्या बँडसाठी एकटा चुंबक पुरत नाही. तिथे माउंटपासून पत्र्याच्या जवळच्या बोल्टपर्यंत वेगळी रुंद पट्टी लागतेच.

चुंबक ठेवण्यापूर्वी टप आणि तबकडी दोन्ही ओल्या फडक्याने पुसा. धुळीचे कण रंग ओरखडतात आणि अंतरही वाढवतात. कोॲक्स दाराच्या वरच्या फटीतून घेतलात तर पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत आत येतं. मागच्या दाराच्या खालच्या बाजूने घ्या आणि आत शिरण्यापूर्वी वायरीला एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल.

*डिकीच्या कडेचा माउंट.* यात सगळ्यात जास्त फसगत होते. हा माउंट झाकणाच्या कडेला दोन-तीन बारीक स्क्रूंनी आवळतात. स्क्रूची टोकं झाकणाच्या आतल्या बाजूचा रंग फोडून पत्र्यात रुतली पाहिजेत. नुसती रंगावर टेकली तर काहीच उपयोग नाही. जिथे टोकं येणार तिथला रंग नखाएवढा खरवडा, स्क्रू आवळा, मग वरून प्रायमर. दुसरी अडचण खुद्द झाकणाची. ते बाकीच्या गाडीला फक्त बिजागऱ्यांनी जोडलेलं असतं, आणि बिजागरीत ग्रीस, रंग, कधी प्लॅस्टिकचं बुश. झाकण आणि बॉडी यांच्यामध्ये बिजागरीच्या शेजारून विणलेली पट्टी टाका, जमलं तर दोन्ही बिजागऱ्यांपाशी. झाकण पूर्ण उघडल्यावर ती ताणली जाणार नाही इतपत सैल, पण त्याहून लांब नको.

*कॅरिअरवर.* टपावरचे तयार दांडे बहुधा ॲल्युमिनियमचे, वर पावडर कोटिंग, खाली रबर. दिसायला धातू, पण पत्र्यापासून सुटलेला. माउंटपाशी कोटिंग घासा आणि तिथून टपाच्या बोल्टपर्यंत आखूड पट्टी न्या. काठी टपापेक्षा जितकी वर जाईल तितकी पट्टी लांबते आणि काम बिघडतं, म्हणून माउंट दांड्याच्या पायाशीच घ्या, मध्यावर नको.

पट्टी लावायची रीत

जोडणी कुठलीही असो, क्रम हाच. बॉडीला आधीपासून असलेला बोल्ट निवडा, सीटबेल्टचा आणि एअरबॅगचा सोडून. बोल्ट काढा, लगच्या मापाइतकाच रंग पॉलिश पेपरने घासा, पत्रा पांढरा चमकेपर्यंत. लगच्या आणि पत्र्याच्या मध्ये स्टार वॉशर, वर साधा वॉशर, मग बोल्ट घट्ट. आवळून झाल्यावर उघड्या राहिलेल्या कडेला प्रायमर आणि वरून ग्रीस. प्रायमर आधी लावला तर जोडणीच होणार नाही, हा क्रम उलटा करू नका.

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार या गाड्यांची बॉडी वेगळ्या चासीवर रबराच्या गुटक्यांवर बसवलेली असते. इंजिनही रबरावरच. फक्त व्हीएचएफ वापरणार असाल तर टपाच्या पत्र्यावर भागतं. एचएफचा (७ मेगाहर्ट्झसारख्या लांब तरंगांच्या बँडचा) विचार असेल तर बॉडी ते चासी, बॉनेट ते बॉडी, आणि रबरी हँगरवर लटकलेला सायलेन्सरचा पाइप ते चासी, अशा पट्ट्या टाका. पाइपाला मागच्या, कमी तापणाऱ्या टोकाशी स्टेनलेसच्या क्लॅम्पने पकडा.

एचएफचं हे एवढं कशाला, ते सांगतो. ७ मेगाहर्ट्झचा तरंग ४० मीटरहून लांब आणि गाडी चार मीटरची. अडीच मीटरच्या काठीचा रेडिएशन रेझिस्टन्स (पॉवर हवेत फेकण्याच्या वाट्याचा ओहमचा आकडा) तिथे फार तर दोन-चार ओहम असतो. ग्राउंडमधला तोटा दहा ओहम असला तर बहुतेक पॉवर पत्रा आणि जमीन तापवण्यात जाते. इथे एक चकवा आहे. काहीही मॅचिंग (अँटेना सेटच्या ५० ओहमशी जुळवणं) न करता अशा अँटेनाचा एसडब्ल्यूआर १.१ आला, तर तो खुशीचा विषय नाही. तो तोटा ५० ओहमपर्यंत भरून निघाल्याची खूण आहे. पट्ट्या टाकल्यावर एसडब्ल्यूआर वाढला तर घाबरू नका. तोटा कमी झाला, आता मॅचिंग करा.

सेटची निगेटिव्ह वायर

हा वेगळा विषय आहे, पण लोक दोन्ही एकात मिसळतात. ५० वॅटचा सेट बोलताना १० ते १२ ॲम्पिअर ओढतो, १०० वॅटचा २० च्या पुढे. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर तो चालवू नका. प्लसची वायर थेट बॅटरीवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज. निगेटिव्हसाठी आधी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलकडे बघा. इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या बहुतेक नव्या गाड्यांत तिथे एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, बॅटरी किती भरली आहे ते मोजणारा. सेटची निगेटिव्ह थेट टर्मिनलला लावली तर सेटचा करंट सेन्सरच्या हिशेबातून सुटतो आणि त्याचा अंदाज चुकतो. अशा गाडीत निगेटिव्ह सेन्सरच्या पलीकडे, बॅटरीची जाड काळी केबल बॉडीला जिथे जोडली आहे तिथे लावा. सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीत थेट टर्मिनलला लावलीत, तर त्या वायरीलाही फ्यूज हवा. इंजिनची अर्थिंग पट्टी कधी सैल झाली, तर स्टार्टरचा शेकडो ॲम्पिअर करंट तुमच्या सेटमधून आणि कोॲक्समधून वाट काढू बघतो.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी रंगाच्या केबलींना हात लावू नका आणि त्यांच्या शेजारून कोॲक्स नेऊ नका. सेट १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालवा.

तपासणी

गाडी मोकळ्यावर न्या. तळजाईच्या पठारासारखी, वरून विजेच्या तारा न जाणारी जागा शोधा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोक्यावरच्या स्लॅबची सळई सगळी मोजमापं बिघडवते. दारं, डिकी, बॉनेट बंद. कुणी काठीजवळ उभं राहायचं नाही. सेट कमीत कमी पॉवरवर. फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का ते ऐका, कॉलसाइन सांगा, मग मोजा: १४४, १४५, १४६ च्या आसपास तीन ठिकाणी. वहीत लिहून ठेवा.

१.५ पर्यंत एसडब्ल्यूआर म्हणजे फक्त ४ टक्के पॉवर परत येते. २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. खालच्या टोकाला कमी आणि वरच्या टोकाला जास्त असेल तर काठी लांब आहे, थोडी कापा, एका वेळी दोन-तीन मिलिमीटर. उलट असेल तर आखूड आहे. तिन्ही ठिकाणी सारखाच वाईट असेल तर कात्री बाजूला ठेवा. काठीचा दोष नाही, ग्राउंड नाहीतर कनेक्टर चुकला आहे.

आता कोॲक्स हातात धरून, हलवून पुन्हा मोजा. आकडा हलला तर कोॲक्सच्या बाहेरून करंट वाहतो आहे. बुडख्याची जोडणी उघडून पुन्हा घासा, आणि मगच बुडख्याजवळ कोॲक्सवर फेराइट क्लॅम्प लावा. क्लॅम्पने लक्षण कमी होतं, पण जोडणी कच्चीच राहिली तर अँटेना अर्धाच चालतो. मग इंजिन चालू करून ऐका. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ आली तर ती आल्टरनेटरची, पॉवरच्या वायरींतून येते. आधी निगेटिव्हचा जोड तपासा.

पूर्ण पॉवरची चाचणी नाशिक रस्त्याने नारायणगावच्या बाजूला मात्र करू नका. तिथे खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, आणि त्या १२० ते २५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही आकाश ऐकतात. आपला दोन मीटरचा बँड त्याच पट्ट्यात येतो. त्या भागातून जाताना सेट बंद ठेवणं हे मला प्रत्येक हॅमचं कर्तव्य वाटतं.

पावसाळा

ताम्हिणीतला पाऊस कुठल्याही जोडणीची परीक्षा घेतो. मेअखेर प्रत्येक बोल्ट पान्याने तपासा, कनेक्टरवर सेल्फ-ॲमलगमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा. चुंबकाचा माउंट एकाच जागी ठेवून देऊ नका. त्याखाली पाणी साचतं आणि रंग फुगतो, आठवड्यातून एकदा तरी उचलून पुसा. वळवाच्या विजा कडाडत असतील तर गाडी थांबवून सेट बंद करा आणि माइक खाली ठेवा. अँटेनाचा हा ग्राउंड विजेपासून वाचवण्यासाठी नसतो. दसऱ्याच्या सुमारास पट्ट्यांचे लग एकदा उघडा, हिरवट किंवा तपकिरी डाग दिसला तर पुन्हा घासून प्रायमर-ग्रीस करा, आणि वहीतल्या त्याच तीन फ्रिक्वेन्सींवर पुन्हा मोजून आकडे शेजारी लिहा.